अर्धवट गोधडी आणि डॉक्टरांचं "बंद करा"



पेशंटचा खरा प्रश्न बऱ्याचदा चिठ्ठी हातात पडल्यावर, खुर्चीतून उठताना येतो. गेल्या महिन्यात असाच एक प्रश्न दोन-तीन जणींकडून आला. "डॉक्टर, माळ्यावर अर्धी गोधडी पडलीय. पुन्हा शिवायला घेऊ का?" एकीची गोधडी होती, दुसरीचा नवऱ्यासाठी घातलेला स्वेटर. पाठ पूर्ण झालेली, पुढचा भाग काखेपर्यंत आलेला आणि टाके तसेच सुईवर. तिसरीकडे क्रोशाच्या टेबलक्लॉथची अठरा फुलं तयार होती आणि ती जोडायची राहिली होती.

यावर डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर आहे. हात दुखतोय ना, मग बंद करा. डोळ्यांवर ताण येतोय ना, मग बंद करा. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि कधी कधी ते महागात पडतं, असं माझं आता मत झालं आहे. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. आधी ती सांगते.

मी चुकले ती गोष्ट

साधारण सात वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक काकू उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणून आल्या. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. दिवसभर काय काम करता, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मुलीला सातवा महिना आहे. माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी शिवतेय बाळासाठी." कारण हातात आयतं मिळाल्यासारखं मला वाटलं. म्हटलं, "मग तेच आहे. शिवण बंद करा." सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

काकूंनी शिवण बंद केली. मुंग्या मात्र सुरूच राहिल्या. डॉक्टरांनी कारण सांगितलंय, आपण आवडतं काम सोडलंय, म्हणजे आता उरलं ते वयाचं दुखणं, असं त्यांनी धरून चाललं. पुन्हा त्या तक्रारीसाठी आल्याच नाहीत. दीड वर्षानं खोकल्यासाठी आल्या तेव्हा बीपी मोजताना माझं लक्ष तळहाताकडे गेलं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो डाव्या हाताला होता आणि उजव्या हाताला जवळजवळ सपाट झाला होता. रक्त तपासलं तर थायरॉईड मंदावलेलं. नसेची तपासणी केली तर मनगटातली नस चांगलीच दबलेली. थायरॉईडची गोळी सुरू झाली, हाताचं छोटं ऑपरेशन झालं, मुंग्या गेल्या. अंगठ्याची ताकद मात्र पूर्ण परत आली नाही. तोवर नात चालायला लागली होती आणि गोधडी अर्धीच होती.

आजाराचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, आणि एक नस जाते. बोगद्यात सूज आली की दोऱ्या निभावून नेतात, नस दबते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते, म्हणून मुंग्या नेमक्या तिथे येतात आणि करंगळी वाचते. रात्री झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून त्रास रात्री जास्त. थायरॉईड मंदावणं, मधुमेह, गरोदरपण, रजोनिवृत्तीचा काळ, यांत ही सूज सहज येते. शिवणकामानं त्यात भर पडते हे खरं, पण ते एकटं कारण असेलच असं नाही. काकूंनी पहिल्याच भेटीत "हात झटकला की बरं वाटतं" असं सांगितलं होतं. हे या आजाराचं जवळजवळ पाठ्यपुस्तकातलं वाक्य आहे. ते माझ्या कानावरून गेलं, कारण माझं लक्ष गोधडीवर होतं.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि थायरॉईडची एक तपासणी, एवढंच तेव्हा केलं असतं तर कदाचित ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली नसती.

काम थांबलं, पण का?

तेव्हापासून मी एक प्रश्न विचारते. तुम्ही काम कधी थांबवलंत, आणि त्या वेळी नेमकं काय झालं? "वेळच मिळत नाही" हे पहिलं उत्तर असतं. ते खरंही असतं. भाईंदरहून विरार लोकलमध्ये कसंबसं शिरून चर्चगेट गाठणारी बाई रात्री आठला घरी आल्यावर काय शिवणार? (लेडीज डब्यात बसायला जागा मिळाल्यावर क्रोशाची सुई काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. माझ्या लेखी त्या फार वरच्या दर्जाच्या लोक आहेत.) पण निवृत्त झालेल्या, मुलं मार्गी लागलेल्या बाईलाही वेळ नसेल तर आणखी एकदा विचारावं लागतं.

कधी उत्तर डोळ्यांत असतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना माहीत आहे. चष्मा एका ठरावीक अंतरासाठी असतो, हे मात्र लक्षात घेतलं जात नाही. वाचनाचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी काढतात. मांडीवरचं विणकाम त्याहून लांब असतं आणि सुईत दोरा ओवताना आपण हात त्याहून जवळ आणतो. मग "नवीन चष्मा लागतच नाही" अशी तक्रार होते. नंबर काढायला जाताना विणकाम सोबत न्या, मांडीवर धरून दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रकाशाचंही तसंच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बैठकीतला छताचा दिवा सुनेला पुरतो, सासूला पुरत नाही. काळ्या लोकरीचे टाके रात्री दिसत नसतील तर ते कुणालाच नीट दिसत नाहीत, पण काळा आणि गडद निळा दोरा दिवसाउजेडी ओळखू येत नसेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर मोतीबिंदू तपासून घ्यायला हवा.

कधी उत्तर बोटांत असतं. सकाळी एखादं बोट मिटलेलं राहतं आणि खटकन उघडतं, त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मधुमेह असलेल्यांत तो पुष्कळ जास्त दिसतो, त्यामुळे असं बोट दिसलं की मी साखर तपासते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजणं हे पन्नाशीपुढच्या बायकांचं अगदी नेहमीचं दुखणं. चिमटीत धरलेल्या वस्तूवर जेवढा जोर लागतो, त्याच्या ढोबळमानानं बारा पट जोर त्या बुडाच्या सांध्यावर येतो. गोधडीच्या चार-पाच थरांतून सुई ओढून काढताना त्या एवढ्याशा सांध्यावर काय येत असेल, याचा अंदाज करा. बरणीचं झाकण उघडतानाही तिथेच दुखत असेल तर दोष गोधडीचा नाही, सांध्याचा आहे.

एक हात मागे पडतोय, सुई धरलेली बोटं स्वस्थ बसल्यावर थरथरतात, अक्षर बारीक होत चाललंय, अशा तक्रारी एकत्र आल्या तर कंपवाताचा विचार करावा लागतो. आणि जिनं चाळीस वर्षं दोन सुलट दोन उलट डोळे मिटून विणलं, तिला ओळीत आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, तीच बाही चार वेळा उसवावी लागली, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. नवीन नमुना जमत नाही ही वेगळी गोष्ट. पाठ असलेला विसरला जाणं, ही दाखवायची गोष्ट.

आणि कधी उत्तर असतं, "नाही वाटत आता करावंसं." मला सगळ्यात जास्त काळजी या उत्तराची वाटते. आधी ज्यात आनंद वाटायचा त्यात तो वाटेनासा होणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे मन उदास राहणं. गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस असं होतं का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुढची तपासणी हवी की नको हे पुष्कळसं कळतं. आपल्याकडच्या बायका "मी उदास आहे" असं दवाखान्यात येऊन सांगत नाहीत. त्या अंग दुखतं म्हणतात, झोप लागत नाही म्हणतात. पण पिशवीतली लोकर तीन वर्षांत बाहेर आली नाही, हे त्या सहज सांगतात. नवरा गेला त्या महिन्यात स्वेटर थांबला, असं कुणी सांगितलं तर मी पेन खाली ठेवते. अशा वेळी "मन रमवा, विणकाम करा" हा सल्ला म्हणजे ताप आलेल्याला "गार व्हा" म्हणण्यासारखं आहे. आधी उपचार लागतात. बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे.

शेवटचं कारण वैद्यकीय नाही, पण आमच्या शहरात ते फार मोठं आहे. जागा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पाच लाखांवरून आठ लाखांवर गेली. यातली कितीतरी कुटुंबं गिरगाव, लालबागच्या चाळींतून आली. चाळीत खोली लहान, पण समोर गॅलरी होती. तिथे लुगडी अंथरून चौघी चार कोपऱ्यांना बसायच्या. गोधडी कडेकडेनं सुरू होऊन चौकटीत चौकट घेत मध्याकडे येते, त्यामुळे चार हात एकाच वेळी चालू शकतात. इकडे वन बीएचकेत सहा फुटांची गोधडी पसरली की स्वयंपाकघरात जायची वाट बंद. रोज पसरा, रोज गुंडाळा, त्यातून एकटीनं करा. काम थांबणारच. याला आळस म्हणणाऱ्यानं एकदा ती अंथरून दाखवावी.

संशोधनाच्या नावावर जे फिरतं त्याबद्दल

व्हॉट्सअ‍ॅपवर "विणकाम केल्यानं स्मृतिभ्रंश टळतो" असा निरोप दर हिवाळ्यात येतो. त्याच्या मुळाशी खरे अभ्यास आहेत, पण ते एवढं म्हणत नाहीत.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०११ साली सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,३२१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विणकाम, गोधडीकाम, वाचन, खेळ, संगणक यांत गुंतलेल्यांमध्ये सौम्य विस्मरणाचं प्रमाण कमी दिसलं. पण हा एका वेळचा फोटो होता. विणल्यामुळे स्मृती टिकली, की स्मृती शाबूत होती म्हणून विणता आलं, हे फोटोवरून सांगता येत नाही. वर पाठ नमुना विसरणाऱ्या बाईचं उदाहरण दिलं, ते या दुसऱ्या शक्यतेचंच आहे.

टेक्सास विद्यापीठाच्या डेनिस पार्क यांचा अभ्यास मला जास्त आवडतो. साठ ते नव्वद वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सरासरी सोळा तास, नवीन कौशल्य शिकवलं. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. नुसतं एकत्र जमून गप्पा-सहली करणाऱ्या आणि घरी सोपी कामं करणाऱ्या गटांपेक्षा यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. यात महत्त्वाचे शब्द दोन. नवीन आणि अवघड. आठवड्याला सोळा तास ही काही गंमत नाही. पाठ झालेला मफलर टीव्हीसमोर विणला तर मन शांत होईल, पण हा अभ्यास त्याबद्दल काही सांगत नाही. मन शांत होतं का? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेतीन हजारांवर विणकरांनी तसं कळवलं, आणि जे वारंवार विणतात त्यांनी जास्त. अर्थात विणकाम आवडणाऱ्यांनाच विचारलं होतं, हे धरून चाला. मला वाटतं, आवडतं काम करायला आजार टाळण्याचं प्रमाणपत्र लागतंच कशाला?

अर्धवट कामाबद्दलही एक जुना प्रयोग आहे. बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं की मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. हे फार प्रसिद्ध झालं, पण नंतरच्या प्रयोगांत आठवणीचा हा फरक तितकासा टिकला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसियांकिना यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट जास्त टिकाऊ निघाली. थांबवलेलं काम समोर आलं की माणूस, कुणी सांगितलं नसतानाही, ते पुन्हा हातात घेतो. माळ्यावरची पिशवी समोर येतच नाही, ही खरी अडचण. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवली. राहिलेलं काम कधी आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं, तरी त्याची डोक्यातली कुरकुर कमी होते. काम संपवावं लागत नाही.

पुन्हा हातात घेताना

पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. दोन वर्षं बंद असलेल्या हातानं एका रविवारी चार तास शिवलं की सोमवारी तो माझ्याकडे येतो आणि मग मलाच "बंद करा" म्हणायचा मोह होतो. वीस मिनिटांनी हात खाली सोडायचे, मुठी उघडमीट करायच्या, खिडकीतून लांब बघायचं. काम केल्यावर जरासा शीण आला आणि तासाभरात गेला तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला तर वेळ निम्मा करा. मुंग्या, बधिरपणा किंवा वस्तू हातातून निसटणं असेल तर वेळ मोजत बसू नका, दाखवायला या.

सुई चिमटीनं ओढण्याऐवजी फुग्याच्या रबराचा तुकडा बोटांत धरून ओढली तर निम्म्या जोरात निघते. दोऱ्याला मेण लावलं तरी फरक पडतो. शिंपी बोटात घालतात ते टोपण घालायचा कंटाळा करू नका. विणकामाला धातूपेक्षा लाकडी किंवा बांबूच्या सुया हलक्या. वायरनं जोडलेल्या गोल सुया घेतल्या तर स्वेटरचं वजन मनगटांऐवजी मांडीवर राहतं. गुडघे कुरकुरत असतील तर जमिनीवर बसून शिवण्याचा हट्ट सोडा. डायनिंग टेबलावर गोधडीचा चालू भाग पसरा, बाकीची गुंडाळी खुर्चीवर ठेवा. मानेला ते जास्त मानवतं.

सुया मोजून घ्या आणि मोजून ठेवा. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण घरात मधुमेही माणूस असतो आणि त्याच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. जमिनीवर पडलेली सुई त्याच्या तळव्यात शिरली तरी त्याला कळत नाही. पाय सुजून लाल झाल्यावर एक्स-रेत ती दिसते.

बाळासाठी काही पूर्ण करत असाल तर आणखी दोन गोष्टी. जुनं लुगडं, दुपटं, लोकर ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली असते. त्या गोळ्यांत बऱ्याचदा नॅप्थलीन असतं. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या नुसत्या वासानं, स्पर्शानं फुटू शकतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे बाळंतविडा तयार करताना कुणालाच माहीत नसतं. म्हणून गोळ्यांतलं कापड थेट बाळाला नको. धुवा, उन्हात वाळवा, वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा धुवा, आणि बाळाच्या कपड्यांत यापुढे डांबरगोळी टाकूच नका. दुसरं, विणलेल्या मोज्या-हातमोज्यांची आतली बाजू उलटून बघा. आत सुटलेल्या धाग्याचा फास बाळाच्या बोटाला बसतो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे कळायला उशीर होतो. जाड गोधडी वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सैल टाकून झोपवू नये. आईच्या मांडीवर, ती जागी असताना, हवी तेवढी वापरा.

माळ्यावरून काढलेली गोधडी घरात झटकू नका. खाडी आणि मिठागरांच्या आमच्या दमट हवेत तिच्यात धुळीतले किडे आणि बुरशी हमखास असते. दम्याच्या पेशंटनं ते काम दुसऱ्याला द्यावं. साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुणं कापडाला सोसत असेल तर उत्तम.

आणि एखादी गोष्ट पूर्ण करायचीच नसेल तर? उसवा. ज्याच्यासाठी घातला तो स्वेटर आता त्याला होणार नाही, रंग आवडत नाही, नमुना डोक्यात जातो, तर लोकर गुंडाळून गोळा करा आणि कुणाला देऊन टाका. हेही ठरवणंच आहे. मला यात काही पराभव दिसत नाही. "एवढी मेहनत वाया" असं घरातले म्हणतील. त्यांना दुसऱ्या टोकाचा धागा धरायला बसवा.

मघाच्या काकूंनी ऑपरेशननंतर वर्षभरानं पिशवी उघडली. माझ्या सांगण्यावरून नाही, मी तेव्हाही जरा घाबरलेलीच होते. त्या दुपारी वीस मिनिटं शिवतात. सुई ओढायला रबराचा तुकडा वापरतात. अंगठा दमला की थांबतात. मधली वर्षं कधी लग्न, कधी पावसाळा, कधी कंटाळा यांत गेली. आता मधल्या चौकटीच्या तीन ओळी राहिल्यात. नात पहिलीत आहे. परवा आजीबरोबर दवाखान्यात आली होती. मी विचारलं, "सुया कोण मोजतं?" तर म्हणाली, "मी. पाच आहेत. एक वाकडी आहे, पण आजी तिलाही मोजायला सांगते."